वारा घालणारे हात

मराठीत पाहुण्याला जेवण घालतात, तुळशीला पाणी घालतात, बाळाला न्हाऊ घालतात आणि दमून आलेल्या माणसाला वारा घालतात. या अर्थाने 'घालणे' हे क्रियापद आले की घेणारा कोणी दुसरा आहे, हे न सांगता समजते. स्वतःसाठी आपण वारा घेतो, दुसऱ्याला घालतो. पंख्याविषयी जे लिहिले जाते त्यात त्याची पाने, पिसे, हस्तिदंत आणि जर यांचीच मोजदाद फार असते. परंतु पंखा कोणाच्या हातात होता आणि वारा कोणाला लागत होता, हे पाहिल्यावाचून त्याची घडण नीट उलगडत नाही, असे मला वाटते.

आपल्याकडे त्याचे जुने नाव विंझणा. संस्कृत 'व्यजन' शब्दाचेच हे घरगुती रूप होय. दुसरे संस्कृत नाव तालवृंत. त्यातील 'ताल' म्हणजे ताड, आणि पहिला पंखा कोणत्या झाडाने दिला ते त्यात सांगितलेलेच आहे. अमरकोशात आणखी एक नाव नोंदलेले आहे, ते म्हणजे धवित्र. हा हरणाच्या कातड्याचा पंखा. यज्ञातील अग्नी फुलविण्यासाठी तो वापरीत; म्हणजे माणसाला गारवा देण्याबरोबरच निखाऱ्याला धग देण्याचे कामही पंख्याकडे पूर्वीपासून आहे. शेगडीपुढे बसून पुठ्ठ्याच्या तुकड्याने कोळसे फुलविणाऱ्या बाईच्या हातात खरे म्हणजे हे धवित्रच असे.

बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांतही पंख्याचा विचार आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षूंना तीन प्रकारचे पंखे वापरण्याची मोकळीक दिली आहे : झाडाच्या सालीचा, उशीराचा आणि मोरपिसांचा. उशीर म्हणजे आपला वाळा. वनगाईच्या शेपटीची चवरी मात्र वर्ज्य ठरविली आहे. सर्वस्व सोडून निघालेल्या माणसाच्या मोजक्या वस्तूंत पंख्याला जागा मिळावी आणि त्यातही वाळ्याचे नाव निघावे, यावरून या देशाच्या उन्हाळ्याची कल्पना यावी. वाळ्याचा पंखा ही मोगलांची देणगी आहे असा एक समज ऐकू येतो. अबुल फजलने 'आईने अकबरी'त वाळ्याच्या भिजविलेल्या कुडांचे श्रेय अकबराला दिले आहे हे खरे. पण खुद्द वाळ्याचा पंखा त्याच्याही कितीतरी शतके आधीचा आहे.

कालिदासाच्या 'शाकुंतला'तील तिसऱ्या अंकाचा आरंभ अनेकांना आठवत असेल. तापलेल्या शकुंतलेला दोघी सख्या कमळाच्या पानांनी वारा घालीत आहेत. वाऱ्याने बरे वाटते का, असे त्या विचारतात, तेव्हा ती उलट विचारते की तुम्ही मला वारा घालीत आहात काय? तिच्या मनाची अवस्था दाखविण्यासाठी कवीने ही जागा योजिली आहे, आणि रसिक तिचेच कौतुक करीत आले आहेत. माझे लक्ष मात्र त्या दोन सख्यांकडे जाते. इतका वेळ हात चालवूनही ज्याला वारा घातला त्याला तो जाणवू नये, हा अनुभव आपल्या घरांतील किती स्त्रियांना आला असेल!

आता पंख्याच्या वस्तूंकडे वळू. ताडाच्या झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिलेल्या लॅटिन नावात 'फ्लॅबेलिफर' असा शब्द आहे. त्याचा अर्थच 'पंखे धारण करणारा'. लिनियसने १७५३ साली हे नाव प्रसिद्ध केले. ताडाचे पान निसर्गतःच घडीचे असते. देठासकट कापलेले पान भिजवून, वजनाखाली दाबून सपाट करायचे, उन्हात वाळवायचे, कडा गोल कातरायची आणि बांबूची बारीक पट्टी लावून ती दोऱ्याने शिवून टाकायची, की पंखा तयार होतो. मूठ म्हणून पानाचा देठच उपयोगी पडतो. एवढ्या थोड्या सामग्रीत आणि श्रमात इतका वारा देणारी दुसरी वस्तू मला ठाऊक नाही. बंगालमध्ये या पानाला लाल-हिरवी नक्षी काढतात. जामाईषष्ठीला जावई घरी येतो तेव्हा सासू त्याला ताडाच्याच पंख्याने वारा घालते.

जिथे ताड नाही तिथे शिंदीची पाने, गवत आणि बांबू पुढे आले. बुरूड ज्या हाताने सूप आणि रोवळी विणतो त्याच हाताने पंखाही विणतो. बांबूच्या पट्ट्या रंगवून आडव्या-उभ्या घातल्या की पटावरच्या घरांसारखी नक्षी आपोआप उमटते. माळव्यात आमच्या शेजारच्या हिंदी भाषक घरांतील स्त्रिया ज्येष्ठ अमावास्येला वडाची पूजा करतात, तेव्हा त्यांच्या ताटात असा बांबूचा पंखा असतो आणि पूजेनंतर त्या वडाला वारा घालतात. आमच्या घरची वटपौर्णिमा त्यानंतर पंधरा दिवसांनी येते, तिच्यात हा उपचार नाही. भर ज्येष्ठात दिवसभर सर्वांना सावली देणाऱ्या झाडाला कोणीतरी वारा घालावा, ही कल्पना मला लहानपणापासून फार मोहक वाटत आली आहे. वैशाखात, विशेषतः अक्षय्य तृतीयेला, पाण्याने भरलेल्या कुंभाबरोबर पंखा, छत्री आणि पादत्राणे दान करण्याची जी रीत आहे, तिच्या मुळाशी हीच जाणीव असावी.

वाळ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. हे गवत नदीकाठच्या ओल्या जमिनीत वाढते आणि त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत उतरतात. ती खणून, धुऊन, विंचरून दोऱ्याने एकमेकांशी गुंफायची, आणि भोवती कापडाची कड शिवायची. पाणी शिंपडले की सुगंध सुटतो, वाळले की तो मुळांत परत जातो. वर्षानुवर्षे हेच चालते. पंखा हवा थंड करीत नाही, हे इथे सांगायला हवे. अंगालगतचा दमट, उष्ण थर तो दूर सारतो, त्यामुळे घाम लवकर वाळतो आणि घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. वाळ्याचा ओला पंखा मात्र खरोखरच हवा थोडी गार करतो, कारण त्याच्या मुळांवरचे पाणी वाफ होताना हवेतील उष्णता शोषून घेते. त्यासाठी हवा कोरडी हवी. म्हणून इंदूर-ग्वाल्हेरकडे वाळ्याची जी महती आहे ती कोकण-गोव्याच्या दमट हवेत नाही; तिथे त्याचा सुगंधच काय तो पदरात पडतो.

असे असूनही वाळ्याच्या पंख्याला अत्यंत देखणे रूप मिळाले ते कोकणातच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे वाळ्याचे पंखे नावाजलेले होते. हिरव्या भुंगेऱ्यांचे कठीण, चकाकते पंख त्यावर टिकलीप्रमाणे शिवीत. सोबत जरीचे भरतकाम आणि मोरपिसे. या भुंगेऱ्याच्या पंखाचा रंग मुळी रंगद्रव्याचा नाहीच. त्याच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म थरांमधून प्रकाश परततो, त्यामुळे तो हिरवा-निळा दिसतो. म्हणून कापड विटते, जर काळवंडते, परंतु ती हिरवी टिकली शंभर वर्षांनंतरही कालच शिवल्यासारखी झळकते. विलायतेतील संग्रहालयांत असे पंखे जपून ठेवलेले आहेत. आज सावंतवाडी म्हटले की लाकडी खेळणी आणि गंजिफा आठवतात. तिच्या पंख्यांची आठवण करून द्यावी लागते.

साहित्य काय वापरले यापेक्षाही पंख्याचा आकार अधिक बोलका असतो. आपल्याकडचा एक जुना नमुना जरीपटक्यासारखा असतो : दांडा एका बाजूला आणि चौकोनी पाते दुसऱ्या बाजूला. दांड्याचे खालचे टोक एका पोकळ नळीत बसविलेले असते. नळी मुठीत धरून मनगटाला किंचित हिसका दिला की पाते दांड्याभोवती गरगर फिरते. गुजरात-राजस्थानात हा प्रकार फार. यात हात थोडा हलतो आणि वारा पुष्कळ सुटतो, आणि तो जवळ बसलेल्या तिघाचौघांना पुरतो. पंगतीत वाढून झाल्यावर यजमानीण असा पंखा घेऊन बसली, की एका पंख्यात अर्धी ओळ भागे. दुसरा नमुना पुरुषभर उंच दांड्याचा, दोन्ही हातांनी हलविण्याचा. तो धरणारा माणूस मागे उभा राहतो आणि वारा पुढच्याला लागतो. हातभर लांब दांड्याचा पंखा स्वतःच्या तोंडावर वारा घेण्यासाठी करीत नाहीत, हे कोणाच्याही लक्षात येईल. आपल्याकडील पंख्यांची बहुतेक घडण दुसऱ्याला वारा घालण्यासाठीच झालेली आहे.

हा दुसरा जर देव किंवा राजा असेल तर वारा हे निमित्त उरते आणि मान हे काम होते. चवरी, मोरचेल आणि अब्दागीर ही सारी पंख्याचीच भावंडे. अब्दागीर हा शब्द फारसी 'आफ्ताबगीर'वरून आला. मूळ अर्थ ऊन अडविणारे. पिंपळपानाच्या आकाराचे, जरीच्या भरतकामाचे हे पाते उंच काठीवर धरीत, आणि मराठ्यांच्या दरबारी ते कोणी मिरवावे हा मानाचा प्रश्न असे. दरबार गेले, परंतु आषाढीला आळंदीहून निघणाऱ्या पालखीबरोबर अब्दागिरी आणि चवऱ्या आजही चालतात. केरळात त्रिशूरच्या पूरम उत्सवात हत्तींच्या पाठीवर उभे राहून मोरपिसांचे गोल 'आलवट्टम' आणि पांढऱ्या चवऱ्या तालावर उंचावतात, ते दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना पंखा हा वाद्यमेळाचाच एक भाग वाटला तर नवल नाही. दिल्लीजवळ मेहरौलीला 'फूलवालों की सैर' नावाचा उत्सव असतो. दुसऱ्या अकबरशहाच्या काळी, १८१२ च्या सुमारास तो सुरू झाला. त्यात फुलांचे भलेमोठे पंखे वाजतगाजत नेतात. एक योगमायेच्या देवळात आणि एक कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्यात वाहतात. १९४२ साली तो बंद पडला, आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या पुढाकाराने पुन्हा सुरू झाला. या पंख्याने कोणालाही वारा घातला जात नाही, आणि तरीही तो पंखाच आहे.

स्वतःच्या हाताने स्वतःला वारा घेण्याचा पंखा पाहायचा तर जपानकडे जावे लागते. मिटणारा पंखा ही जपानची कल्पना. लाकडाच्या पातळ पट्ट्या एका टोकाला खिळ्याने जोडून आणि दुसऱ्या टोकाला दोऱ्याने ओवून तो प्रथम केला गेला. क्योटोच्या तोजी मंदिरातील सहस्रभुज मूर्तीच्या आत असा एक पंखा सापडला, त्यावर इसवी सन ८७७ शी जुळणारे साल लिहिलेले आहे. पुढे पट्ट्यांवर घडीचा कागद चिकटविण्याची युक्ती निघाली, आणि उघडला तर चित्र, मिटला तर काठी, असे त्याचे रूप स्थिरावले. तो चीनला गेला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून युरोपला पोहोचला. या प्रवासाची खूण पोर्तुगीज भाषेत उरली आहे. त्या भाषेत घडीच्या पंख्याला 'लेक' म्हणतात. जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटांच्या लोकांना पोर्तुगीज 'लेकिओ' म्हणत, त्यांचा पंखा तो 'लेक'. मकाव ते लिस्बन या वाटेवरचे मोठे बंदर गोवा; तेव्हा पूर्वेकडचा हा माल आपल्या मांडवीच्या काठावरूनच पुढे गेला.

युरोपात त्याचे फार लाड झाले. काड्या हस्तिदंताच्या, शिंपल्याच्या किंवा कासवाच्या पाठीच्या; पान कोकराच्या पातळ कातड्याचे, त्यावर रंगविलेली चित्रे. फ्रान्समध्ये पंखे करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ झाला, आणि लंडनमधील कारागीर संघाला १७०९ साली ॲन राणीने सनद दिली. पंख्याच्या हालचालींनी प्रेमिकांना निरोप देण्याची एक सांकेतिक भाषा होती, असे पुष्कळदा वाचायला मिळते. ती भाषा दरबारात जन्मली नसून, ड्युवेलरॉय या पंखे विकणाऱ्या पेढीने एकोणिसाव्या शतकात वाटलेल्या जाहिरातीच्या पत्रकातून तिचा प्रसार झाला. रोमँटिक कथा लिहिणाऱ्यांचा यामुळे थोडा विरस होईल, पण दुकानदाराच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे. पंख्याने इतिहास घडल्याचे उदाहरण हवे असेल तर अल्जीयर्सचे आहे. १८२७ साली तेथील हुसेन दे याने फ्रेंच वकिलाला हातातील पंख्याने फटकावले. हे निमित्त धरून फ्रान्सने १८३० मध्ये स्वारी केली आणि १९६२ पर्यंत तो देश सोडला नाही.

आपल्याकडे हस्तिदंती पंखे नव्हते असे नाही. मुर्शिदाबादचे कारागीर त्यासाठी प्रसिद्ध होते. दक्षिणेत चंदनाच्या पातळ पट्ट्यांवर जाळी कोरून घडीचे पंखे करतात. हस्तिदंताचा व्यापार १९८६ व १९९१ सालच्या कायद्यातील दुरुस्त्यांनी बंद झाला, हे योग्यच झाले.

पण खरी नवलाई घरगुती पंख्यांतच आहे. दुपारची निजानीज झाली की घरातील स्त्रिया उरलेल्या कापडातून पंखे करीत. तारेची किंवा बांबूची चौकट, त्यावर जुन्या खणाचे पाते, फाटलेल्या शालूचे काठ, आणि भोवती चुण्यांची झालर. ही झालर केवळ शोभेची नाही; मऊ कड हवेला शेवटपर्यंत ढकलते आणि चौकटीचे टोक कोणाला लागू देत नाही. सौराष्ट्रात काचेच्या मण्यांचे पंखे करतात, त्यावर हत्ती, पोपट आणि गणपती विणलेले असतात. कच्छात आरसे आणि भरतकाम. बंगालच्या स्त्रिया पंख्यावर दोऱ्याने काव्याच्या ओळी भरीत. मराठी घरांतून रुखवतावर मांडण्यासाठी वाळ्याचे आणि मण्यांचे पंखे होत, त्यावर 'श्री', 'सुस्वागतम्' किंवा वधूवरांची आद्याक्षरे असत. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पंखा जितका अधिक सजवावा तितका वारा कमी देतो. मण्यांचा पंखा पाच मिनिटे हलविला तर मनगट भरून येते आणि वारा घालणारीलाच घाम फुटतो. रुखवतावरचे बहुतेक पंखे भिंतीवर गेले ते यामुळेच. ज्यांना हाताने निवडून काम द्यायचे होते ते साधे, ताडाचे किंवा बांबूचे, स्वयंपाकघराच्या खुंटीला राहिले आणि झिजून संपले. म्हणून आज जे जुने पंखे दिसतात ते वापरलेल्यांपैकी थोडे आणि जपलेल्यांपैकी फार, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

इंग्रजी अमदानीत छताला टांगलेला कापडी पंखा आला. त्याची दोरी ओढणारा माणूस व्हरांड्यात किंवा भिंतीपलीकडे बसे. दोरी हातात, नाही तर पायाच्या अंगठ्याला. ज्या वाऱ्यासाठी तो रात्रभर बसे त्यातला एक झोतही त्याच्यापर्यंत येत नसे. ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'अ पॅसेज टु इंडिया' या १९२४ सालच्या कादंबरीत न्यायालयातील असा पंखा ओढणारा आहे; साऱ्या खटल्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि तरी वाचकाला तोच लक्षात राहतो. विजेच्या पंख्याने हे काम संपविले. याबद्दल कोणीही हळहळू नये. हातपंख्याच्या आठवणी गोड वाटतात त्या बहुधा वारा खाणाऱ्यांना.

चित्रकार जतीन दास यांनी या वस्तूकडे निराळ्या नजरेने पाहिले. १९४१ साली मयूरभंजातील बारिपदा येथे जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले हे गृहस्थ अनेक वर्षे गावोगाव हिंडून पंखे गोळा करीत राहिले. काही हजार पंख्यांचा त्यांचा संग्रह देशात आणि परदेशात प्रदर्शित झाला आहे. इंग्लंडमध्ये ग्रिनिच येथे १९९१ पासून केवळ पंख्यांचे एक संग्रहालय आहे. युरोपातील पंख्यावर पुष्कळदा चित्रकाराची सही किंवा पेढीचे नाव असते, त्यामुळे त्याची वंशावळ लावता येते. आपल्या पंख्यांखालच्या पाटीवर प्रदेश लिहिलेला असतो, साहित्य लिहिलेले असते, अंदाजाने शतकही असते. करणारीचे नाव नसते, कारण ते कोणी कधी विचारलेच नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या घरात असा जुना पंखा असेल तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. सुती कापडात सैल गुंडाळावा. वाळ्याचा असेल तर पावसाळ्यात ओला राहू देऊ नये, बुरशी धरते. थंडीत एकदा सावलीत मोकळा ठेवावा. भुंगेऱ्याच्या टिकल्या ओल्या फडक्याने पुसू नयेत, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. आणि घरात वडीलधारे माणूस असेतोवर पंखा कोणी केला, कोणत्या लुगड्याचा काठ लावला, कोणाच्या लग्नात केला, हे विचारून कापडाच्या चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी मागच्या बाजूला चार टाक्यांनी शिवून टाकावी.

आमच्या घरी असा एक आहे. जांभळ्या खणाचा, आखूड दांड्याचा, झालर दोन ठिकाणी उसवलेली. तो आजीच्या धाकट्या जावेने केला हे मला आत्याने सांगितले, आणि काठ महेश्वरीचा आहे हेही तिनेच ओळखले. मी चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा आत्या नव्वदीत होती; काठ तिने डोळ्यांनी नव्हे, बोटांनी चाचपून ओळखला. चिठ्ठीवर नाव आहे, काठ आहे. सालाची जागा मी मोकळी ठेवली होती, ती तशीच आहे.